गाडीच्या प्रोजेक्टसाठी हायटेन्साइल बोल्ट: ठाणे-नवी मुंबईत काय मागायचं आणि कुठे मिळतं

जुनी जिप्सी, जीप किंवा मारुती ८०० उभी करायला घेतली की गंजलेले, आटे गेलेले, डोकं गोल झालेले बोल्ट डब्यात साठायला लागतात. मग शोध सुरू होतो, मजबूत, म्हणजे हायटेन्साइल (जास्त ओढ सोसणारे) बोल्ट मिळणार कुठे? कोपऱ्यावरचा हार्डवेअरवाला "हा घ्या, एकदम कडक माल आहे" म्हणत काहीतरी हातात ठेवतो आणि नवखा माणूस तेच लावून मोकळा होतो. दाराच्या बिजागरीला ते चालेल. सस्पेन्शन, स्टिअरिंग, सीट आणि ब्रेक यांना चालत नाही. तिथला बोल्ट तुटला तर गाडीतल्या माणसांच्या जिवावर बेततं, आणि घोडबंदर रोडवर मागून येणाऱ्याच्याही.

मी ठाण्यात राहून जिप्सीच्या सस्पेन्शनचं काम केलं, त्यात जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो आहे. कळवा, ऐरोली, वाशी, पनवेल, कुठेही राहणाऱ्या आणि पहिल्यांदाच स्वतः गाडीला हात घालणाऱ्या माणसासाठी हे आहे. दुकानांचा भाग मुद्दाम उशिरा येतो. त्याआधीच्या पायऱ्या गाळल्या तर कुठल्याही बाजारात गेलात तरी तुम्ही दुकानदाराच्या अंदाजावरच अवलंबून राहाल.

सोबत काय हवं

- व्हर्नियर कॅलिपर. डिजिटल असला तर उत्तम, साधाही चालतो.
- पिच गेज, म्हणजे आटे मोजायच्या पात्यांचा जुडगा. मेट्रिक आणि इंची दोन्ही पाती असलेला घ्या.
- टॉर्क रेंच, म्हणजे टॉर्क (आवळायचा ठरलेला जोर) मोजून लावणारा पाना.
- काढलेले जुने बोल्ट, प्रत्येक जागेचे वेगळ्या पिशवीत, पिशवीवर जागा लिहून.
- गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल. टॉर्कचे आकडे त्यातलेच धरायचे.
- आरसीची प्रत आणि चासी नंबर. कंपनीच्या पार्ट काउंटरवर हा नंबर विचारतातच.

१. आधी दोन ढीग करा

काढलेल्या सगळ्या बोल्टांचे दोन ढीग करा. पहिल्या ढिगात फक्त कंपनीच्या ओरिजिनल पार्ट काउंटरवरून घ्यायचे बोल्ट, दुसऱ्यात बाजारातून घेता येणारे.

पहिल्या ढिगात हे जातात: कनेक्टिंग रॉडचे बोल्ट, सिलिंडर हेडचे बोल्ट, फ्लायव्हीलचे बोल्ट, ब्रेक कॅलिपर आणि ब्रेक होजचे बोल्ट, सीट बेल्टचे बोल्ट, चाकांचे नट आणि स्टड, आणि चाकांचं अलाइनमेंट जुळवणारे, केंद्रापासून सरकलेल्या गाभ्याचे (कॅम) बोल्ट. यांचा आकार, आतलं भोक, डोक्याखालची उतरण किंवा धातूचा ताण सोसण्याचा प्रकार त्या जागेसाठीच ठरवलेला असतो. बाजारातला बोल्ट लांबी-जाडीला जुळला तरी त्याची जागा घेऊ शकत नाही.

बऱ्याच आधुनिक इंजिनांचे हेड बोल्ट आवळताना मुद्दाम थोडे कायमचे ताणले जातात. ते एकदा काढले की संपले, नवेच घ्यावे लागतात. सीट बेल्टचा बोल्ट बहुतेक गाड्यांमध्ये ७/१६ इंची, इंचाला वीस आट्यांचा असतो, गाडी पूर्ण मेट्रिक असली तरीही. त्या भोकात एम ११ किंवा एम १२ (एम म्हणजे मेट्रिक, पुढचा आकडा मिलिमीटरमधली जाडी) ठोकून बसवायला कुणी सुचवलं तर तिथून निघा.

चाकांच्या नटांबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण अलॉय व्हील बदलताना इथेच सगळ्यात जास्त गडबड होते. मारुतीच्या बहुतेक गाड्यांना एम १२ आणि १.२५ पिच (दोन आट्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये) लागतो. होंडा, टोयोटा, ह्युंदाई यांच्या बऱ्याच गाड्यांना एम १२ आणि १.५ पिच. फोक्सवॅगन-स्कोडाला नट नसून बोल्टच असतो, बहुधा एम १४, १.५ पिच, आणि त्याची बैठक, म्हणजे चाकाला टेकणारा भाग, गोलाकार असते, इतरांची बहुधा ६० अंशांची निमुळती. पिच जुळून बैठक चुकली तर नट आवळल्यासारखा वाटतो, पण चाकाला तो एका बारीक कडेवरच टेकलेला असतो. चालत्या गाडीत तो सैल होतोच.

इंजिनात ताकद वाढवायची असेल तर एआरपीसारख्या अमेरिकन कंपनीचे रॉड बोल्ट आणि हेड स्टड लोक आयात करतात. ते अधिकृत आयातदाराकडूनच घ्या. ऑनलाइन दिसणाऱ्या स्वस्त 'सेट'ला इंजिनाच्या जवळही येऊ देऊ नका.

दुसऱ्या ढिगात उरतात ब्रॅकेट, क्रॉस मेंबर, सस्पेन्शनचे सरळ बोल्ट, बंपर, सीटच्या रेल, रोल बारच्या प्लेटा, इंजिन माउंटिंग, गिअर बॉक्सचे बरेचसे बोल्ट. पुढचा सगळा लेख या ढिगाबद्दल आहे.

२. माप घ्या, पान्याच्या नंबरावर जाऊ नका

मेकॅनिक बोल्टाला पान्याच्या नंबरानं ओळखतात: "सतरा नंबरचा बोल्ट". गॅरेजमध्ये ते सोयीचं आहे, दुकानात धोक्याचं. जपानी घडणीच्या गाड्यांत एम ८ ला १२ चा पाना लागतो, एम १० ला १४ चा, एम १२ ला १७ चा. बाजारात मिळणाऱ्या डीआयएन (जर्मन मानक) मापाच्या बोल्टाला मात्र एम ८ ला १३, एम १० ला १७ आणि एम १२ ला १९ चा. म्हणजे जिप्सीचा सतरा नंबरचा बोल्ट एम १२ असतो आणि दुकानदार सतरा नंबर ऐकून एम १० देतो. म्हणून माप नेहमी दांड्याचंच.

चार गोष्टी लिहून घ्या.

जाडी: आट्यांच्या बाहेरच्या कडेवर कॅलिपर लावा. आकडा पूर्ण मापापेक्षा किंचित कमी येतो, ९.८ आला तर तो एम १०.

पिच: दोन आट्यांमधलं अंतर. पिच गेज नसेल तर दहा आट्यांचं अंतर मोजून दहानं भागा. एम १० मध्ये दहा आटे १५ मिलिमीटरमध्ये बसले तर जाड आटा, १२.५ मध्ये बसले तर बारीक. सगळ्या लेखातून एकच ओळ लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा: मारुती आणि बहुतेक जपानी गाड्यांत एम १० चा पिच १.२५ असतो आणि एम १२ चाही १.२५ असतो, तर हार्डवेअरच्या दुकानात न सांगता जे मिळतं ते एम १० ला १.५ आणि एम १२ ला १.७५. एम ८ मात्र दोन्हीकडे १.२५, त्यामुळे तिथे घोळ होत नाही. चुकीच्या पिचचा बोल्ट एक-दोन फेरे सहज जातो आणि मग अडकतो. तिथे पान्यानं जोर लावला की चासीतला वेल्ड केलेला नट खराब होतो, आणि तो बदलायचा म्हणजे कापाकापी आली.

लांबी: षटकोनी डोक्याच्या आणि ॲलन (डोक्यात षटकोनी खाच असलेल्या) बोल्टाची लांबी डोक्याच्या खालून टोकापर्यंत. चपट्या, आत बसणाऱ्या डोक्याच्या बोल्टाची मात्र डोक्यासकट.

कोरा दांडा: आटे किती भागावर आहेत आणि गुळगुळीत दांडा किती, हे वेगळं मोजा. सस्पेन्शनच्या बुशातून जाणाऱ्या बोल्टाला आडवा मार बसतो, तो गुळगुळीत दांड्यावरच बसायला हवा. ब्रॅकेटच्या भोकाच्या कडेवर आटे आले तर तडा तिथूनच सुरू होतो, शिवाय आटे भोक कुरतडून मोठं करतात. बाजारात याला 'हाफ थ्रेड' आणि 'फुल थ्रेड' म्हणतात. दुकानात फुल थ्रेडचा साठा जास्त असतो, म्हणून तोच पुढे केला जातो. लांब हाफ थ्रेड बोल्ट आणून डायनं (आटे कापायच्या हत्यारानं) आटे वाढवायचा उपायही सुचवला जाईल. कारखान्यात आटे दाबून काढलेले असतात, तिथे धातूचे धागे तुटत नाहीत. डायनं कापलेले आटे थकव्याला लवकर हार खातात. बरोबर लांबीचाच बोल्ट शोधा, जास्तीचं टोक हवं तर कापा.

जुन्या महिंद्रा जीपवर काम असेल तर इंची मापं समोर येतील, बहुधा बारीक आट्यांची. जुने दुकानदार इंचाचा आठवा भाग म्हणजे 'सूत' धरतात: तीन सूत म्हणजे ३/८ इंच, चार सूत म्हणजे अर्धा इंच. ३/८ इंच म्हणजे ९.५ मिलिमीटर आणि ५/१६ म्हणजे ७.९, त्यामुळे एम १० आणि एम ८ शी गल्लत सहज होते. काही जुन्या जीपच्या डाव्या चाकांना उलटे आटेही असतात. जोर लावायच्या आधी स्टडच्या टोकावर खूण पाहा.

३. डोक्यावरचे आकडे वाचायला शिका

हायटेन्साइल हा शब्द दुकानात कशालाही लावतात. खरी ओळख डोक्यावर कोरलेली असते: ८.८, १०.९, १२.९. पहिल्या आकड्याला १०० ने गुणलं की बोल्ट तुटायच्या आधी किती ताण सोसेल ते मेगापास्कलमध्ये मिळतं. दुसरा आकडा सांगतो की त्यातल्या किती दशांशापर्यंत बोल्ट कायमचा न ताणता परत मूळ लांबीवर येईल. म्हणजे १०.९ हा साधारण १,००० मेगापास्कलला तुटतो आणि ९०० पर्यंत धीर धरतो.

नुसत्या आकड्यांनी फरक डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून जाड आट्यांच्या एम १० चा हिशेब देतो. साधा ४.६ चा बोल्ट, म्हणजे कोपऱ्यावर किलोनं मिळणारा, सुमारे १.३ टनांपर्यंत कायमचा न ताणता ओढ सोसतो. तेवढाच जाड ८.८ सुमारे ३.४ टन, आणि १०.९ सुमारे ४.९ टन. बाहेरून तिघंही सारखेच दिसतात, वजनही सारखंच. म्हणून डोक्यावर काहीच कोरलेलं नसेल तर तो बोल्ट साधा आहे असंच धरा, दुकानदार कितीही खात्री देवो.

आकड्यांसोबत बनवणाऱ्याची खूणही असायला हवी. मानकाप्रमाणे एम ५ पासून पुढच्या षटकोनी बोल्टावर दोन्ही लागतात. भारतीय मानक आयएस १३६७ भाग ३, आंतरराष्ट्रीय आयएसओ ८९८-१. नुसतं '८.८' आहे आणि बनवणाऱ्याची खूण नाही, तर त्या मालाची जबाबदारी कुणाचीच नाही. टीव्हीएस नावाने विकला जाणारा सुंदरम फास्टनर्सचा माल आणि अनब्राको ही आपल्या बाजारातली मोठी आणि सहज मिळणारी नावं.

इंची बोल्टावर आकडे नसतात, रेघा असतात. तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, साधारण ८.८ च्या जवळ. सहा रेघा म्हणजे ग्रेड ८, साधारण १०.९ च्या जवळ.

आकड्याआधी शून्य दिसलं, म्हणजे ०८.८ किंवा ०१०.९, तर धातू त्या दर्जाचा आहे पण डोक्याचा आकार लहान असल्यानं बोल्ट पूर्ण भार घेऊ शकत नाही. गोल टोपीच्या आणि चपट्या डोक्याच्या ॲलन बोल्टांवर हे दिसतं. सस्पेन्शनमध्ये ते नकोत.

जितका आकडा मोठा तितकं चांगलं, असं मानणारे खूप भेटतील. तसं नाही. मूळ गाडीत ८.८ असेल तर ८.८ लावा, १०.९ असेल तर १०.९. १२.९ अतिशय कडक असतो, आणि कडकपणासोबत गंज आणि खाचा यांना तो जास्त घाबरतो. ठाण्याच्या खाडीची हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, यात गाडीच्या पोटाखाली उघड्यावर १२.९ लावणं मला पटत नाही. इंजिनच्या आत, तेलात, त्याची जागा आहे.

स्टेनलेसचं आकर्षणही आवरा. ए२-७० म्हणजे ७०० मेगापास्कल, म्हणजे ८.८ पेक्षा कमी. शिवाय स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टावर आवळताना चिकटून बसतो आणि मग कापावाच लागतो. नंबर प्लेट, मडगार्ड, आतली सजावट इथे खुशाल लावा.

४. नट, वॉशर आणि भोकातले आटे

८.८ च्या बोल्टाला ८ दर्जाचा नट, १०.९ ला १०, १२.९ ला १२. नटावरही हा आकडा कोरलेला असतो. चांगल्या बोल्टावर साधा नट लावला तर आवळताना सगळं ठीक वाटतं, आणि नटाचे आटे आतून हळूहळू सोलले जातात. बोल्ट तुटला तर निदान आवाज होतो, नट सोलला तर काहीच कळत नाही.

वॉशरही कडक केलेले घ्या. मऊ वॉशर दबतो आणि आवळलेला ताण निघून जातो. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) सस्पेन्शनसाठी चांगला, पण एकदा काढला की नवा लावा आणि एक्झॉस्टजवळ वापरू नका, नायलॉन वितळतं.

बोल्ट थेट भोकातल्या आट्यांत जात असेल तर लोखंडात किमान बोल्टाच्या जाडीइतकी आणि ॲल्युमिनियममध्ये त्याच्या दीड ते दोन पट खोली आट्यांना मिळाली पाहिजे.

५. चिठ्ठी लिहा

एका ओळीत सगळं यावं: "एम १०, पिच १.२५, लांबी ६०, हाफ थ्रेड, षटकोनी डोकं, १०.९, सोबत १० चा नायलॉक नट आणि कडक वॉशर, ८ नग". अशी चिठ्ठी पुढे केली की काउंटरवर तुमच्याशी बोलण्याची पद्धतच बदलते. गरजेपेक्षा दोन-तीन नग जास्त लिहा. बारीक आट्यांचा माल पुन्हा मिळेलच असं नसतं.

६. आता दुकान

घराजवळून सुरुवात. ठाण्यात जांभळी नाका आणि स्टेशनच्या आसपासची हार्डवेअरची दुकानं, वाशी-नेरूळच्या सेक्टरांमधली दुकानं, इथे ८.८ चा जाड आट्यांचा माल मिळून जातो. एम ८ चं काम बऱ्याचदा इथेच भागतं. बारीक आटा आणि १०.९ मागितला की मात्र बहुधा नकारच येतो, किंवा त्याहून वाईट, "हेच चालेल" असं उत्तर येतं.

पुढचा टप्पा औद्योगिक वसाहती. १९६२ मध्ये एमआयडीसीची सुरुवात ज्या वागळे इस्टेटपासून झाली, तिथल्या रोड नंबरांच्या गल्ल्यांत कारखान्यांना माल पुरवणारी दुकानं आहेत. नवी मुंबईकरांसाठी ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेनं रबाळे, महापे, पावणे, तुर्भे अशी टीटीसी वसाहत पसरलेली आहे, आणि पनवेलच्या बाजूला तळोजा. इथले पुरवठादार मशीन बांधणाऱ्यांना बोल्ट देतात, त्यामुळे ८.८, १०.९ आणि ॲलनमध्ये १२.९ यांचा बंद खोक्यातला माल त्यांच्याकडे असतो. दोन अडचणी आहेत. एक, काही जण सुटे नग देत नाहीत, पूर्ण खोकंच घ्यायला लावतात. गाडी उभी करणारे दोन-तीन मित्र मिळून खोकं घ्या, स्वस्तही पडतं. दोन, सुट्टी. ठाणे परिसरातल्या औद्योगिक भागात साप्ताहिक सुट्टी बऱ्याचदा शुक्रवारी असते आणि काही दुकानं रविवारीही बंद असतात. निघण्याआधी फोन करा आणि चिठ्ठीचा फोटो पाठवा.

तिथे मिळालं नाही तर नागदेवी स्ट्रीट. क्रॉफर्ड मार्केट आणि पायधुनी यांच्या दरम्यानचा हा मुंबईचा हत्यारं आणि नट-बोल्टांचा जुना बाजार. ठाण्याहून स्लो लोकलनं मशीद स्टेशनला उतरा, फास्ट तिथे थांबत नाही. वाशी-पनवेलहून सीएसएमटीची हार्बर लोकल थेट मशीदला थांबते. पश्चिमेला बाहेर पडून चालतच जाता येतं. गाडी घेऊन जायच्या भानगडीत पडू नका, पार्किंग मिळत नाही. रविवार सोडून जा आणि सकाळी उशिराच जा, दुकानं आरामात उघडतात.

नागदेवीची मजा अशी की प्रत्येक दुकानाची वेगळी खासियत असते. एक फक्त ॲलन, दुसरा फक्त इंची, तिसरा फक्त स्टेनलेस, चौथ्याकडे बारीक पिच. पहिल्या दुकानात "नाही" ऐकलं की लगेच विचारा, "शेठ, मिलेगा किधर?" बोट दाखवून पत्ता सांगतात, आणि तो बहुधा बरोबर असतो. मराठी कळते, पण व्यवहार हिंदी-गुजरातीत चालतो, तेव्हा मागणी अशी करा: "एम टेन, वन-पॉइंट-टू-फाइव्ह पिच, साठ लंबा, हाफ थ्रेड, टेन-पॉइंट-नाइन." पिच गेज आणि कॅलिपरही इथेच घ्या, निवड मोठी आहे.

कळंबोलीच्या लोखंड-पोलाद बाजाराचं नाव नवी मुंबईत कुणीतरी सुचवतंच. प्लेट, पाइप, अँगल यासाठी तो चांगला. तिथे बोल्ट दिसले तर ते बहुधा इमारती आणि शेड बांधायचे, डोकं मोठं, आटे जाड, आकड्यापुढे 'एस' हे इंग्रजी अक्षर. बरेचसे गॅल्व्हनाइझ केलेले असतात आणि त्यांच्या नटाचे आटे जाड थरासाठी मुद्दाम सैल काढलेले असतात. ते पोलादी सांगाड्यांचे बोल्ट आहेत, गाडीला लावू नका.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात. ब्रॅकेट, दार, डॅशबोर्ड यासाठी जरूर जा. भार घेणारा वापरलेला बोल्ट मात्र तिथून घेऊ नका. तो आधी किती ताणला गेला, त्याला कुणी आग लावून सैल केलं होतं का, हे कुणी सांगू शकत नाही. ८.८ आणि १०.९ यांना ताकद येते ती उष्णता देऊन केलेल्या प्रक्रियेतून. साधारण ४२५ अंशांच्या वर तापला की ती ताकद उतरते. गॅसच्या ज्योतीखाली लाल झालेला बोल्ट नुसता दिसायला १०.९ राहतो. याच कारणाने हायटेन्साइल बोल्टाला वेल्डिंगही करायचं नाही.

जिप्सी-जीपच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) यू-बोल्ट हा वेगळा विषय. ते पाटे बनवणाऱ्यांकडे किंवा ट्रकच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतात. मापाचे तयार, दर्जा कोरलेले घ्या. साधी सळई तापवून वाकवून देणारेही असतात, ते टाळा. यू-बोल्ट एकदा सोडवले की पुन्हा लावायचे नाहीत.

ऑनलाइन घ्यायचे असतील तर औद्योगिक माल विकणाऱ्या साइटवरून, कंपनीचं नाव आणि मानक स्पष्ट लिहिलेले असतील तेच. फोटोत डोक्यावरची खूण दिसत नसेल तर ऑर्डर देऊ नका.

७. काउंटरवर तपासा, बिल घ्या

पैसे देण्याआधी प्रत्येक नग हातात घ्या. कोरीव आकडे स्वच्छ आणि सगळ्यांवर सारख्या जागी असावेत. नंतर पंचानं ठोकल्यासारखे, वेडेवाकडे असतील तर परत ठेवा. नट हातानं शेवटपर्यंत फिरवून पाहा. डोक्याखालच्या वळणाला बारीक चीर नाही ना, तेही उजेडात बघा. एकाच पुडीत दोन वेगळ्या कंपन्यांचे बोल्ट मिसळलेले निघतात, तेव्हा खूण जुळवा.

कागद असे मागा:

- पक्कं जीएसटी बिल. लोखंडी नट-बोल्टांचा एचएसएन (मालाचा वर्ग सांगणारा कोड) ७३१८, कर १८ टक्के. बिलावर 'नट-बोल्ट' एवढंच नको, माप आणि दर्जाही लिहून घ्या.
- बंद खोकं घेत असाल तर टेस्ट सर्टिफिकेट. त्यावरचा लॉट नंबर खोक्याच्या लेबलशी जुळला पाहिजे.
- सुटे घेत असाल तर निदान खोक्याच्या लेबलचा फोटो.

शंका राहिली आणि बोल्ट महत्त्वाच्या जागेचा असेल, तर एक नग कडकपणा तपासायला द्या. औद्योगिक वसाहतींत हीट ट्रीटमेंटवाले आणि चाचणी प्रयोगशाळा आहेत, रॉकवेल सी मोजून देतात. १०.९ चा आकडा ३२ ते ३९ च्या दरम्यान यायला हवा, एम १६ पर्यंतच्या ८.८ चा २२ ते ३२, आणि १२.९ चा ३९ ते ४४. कमी आला तर मार्क खोटा. जास्त आला तरी नको, तो ठिसूळ असेल.

८. प्लेटिंग स्वतः करून घेऊ नका

काळे बोल्ट पावसाळ्यात गंजतात म्हणून ते झिंक प्लेटिंगला टाकायचा सल्ला मिळतो. ८.८ पर्यंतच्या मालाला ठीक. १०.९ आणि १२.९ ला अजिबात नाही. ॲसिड आणि विजेच्या प्रक्रियेत हायड्रोजन पोलादात शिरतो. तो बाहेर काढायला प्लेटिंगनंतर लगेच काही तास सुमारे २०० अंशांवर भट्टीत ठेवावं लागतं, आणि छोट्या युनिटमध्ये ते होईल याची खात्री नसते. असा बोल्ट आवळताना काही होत नाही. काही तासांनी किंवा दिवसांनी, गाडी उभी असताना, डोकं आपोआप उडतं.

गंजाला उत्तर हवं असेल तर कारखान्यातूनच झिंक फ्लेकचा थर आलेले, राखाडी-चंदेरी रंगाचे बोल्ट मागा. ते नसतील तर काळा बोल्ट लावून, आवळून झाल्यावर वरून गंजरोधक मेण किंवा रंग मारा.

९. बसवणं

मॅन्युअलमधला टॉर्क हाच खरा. ब्रॅकेट तुम्ही स्वतः बनवलेलं असेल आणि आकडा कुठेच नसेल, तर जाड आट्यांसाठी साधारण असं धरा: ८.८ मध्ये एम ८ ला २५ न्यूटन मीटर, एम १० ला ५०, एम १२ ला ८५. १०.९ मध्ये ३५, ७० आणि १२०. हे लोखंडावर लोखंड असेल तेव्हाचे आकडे. तेल किंवा कॉपर ग्रीस लावलंत तर घर्षण घटतं आणि त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून मॅन्युअल कोरडे आटे सांगत असेल तर कोरडेच ठेवा. आट्यांतला जुना रंग आणि माती तारेच्या ब्रशनं काढा.

रबर बुश असलेले बोल्ट गाडी जॅकवर असताना नुसते हातानं लावा. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचा भार आल्यावरच शेवटचा टॉर्क द्या, नाहीतर बुश पिळलेल्या अवस्थेत अडकून लवकर फाटतो.

आवळलेल्या प्रत्येक बोल्टावर, डोक्यापासून ब्रॅकेटपर्यंत, पेंट मार्करनं एक सरळ रेघ ओढा. साधारण १०० किलोमीटर चालवून गाडीखाली जा. रेघ तुटलेली दिसली तर तो बोल्ट फिरला आहे. यू-बोल्टांना तर रेघ जुळलेली असली तरी पुन्हा टॉर्क लावा, कारण पाटे बसतात.

बिलं, लेबलचे फोटो आणि कामाचे फोटो एका फाइलमध्ये ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदींशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि इंजिन बदलायचं असेल तर आधी आरटीओची परवानगी लागते. एमएच ०४ असो वा एमएच ४३, तपासणीच्या वेळी मूळ मापाचेच बोल्ट नव्याने लावले आहेत हे दाखवायला हीच फाइल उपयोगी पडते.